उसवलेला सोफा

काळी हेअरपिन.

बुद्धिबळातलं एक प्यादं.

चष्म्याची काडी.

कागदात गुंडाळलेला दुधाचा दात.

एक नवीकोरी किल्ली.

सोफा उसवला की असलं काहीबाही निघतंच. जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवणाऱ्या त्या दुकानाचा नियम होता: सापडेल ते पाकिटात घालायचं, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं आणि चकार शब्द विचारायचा नाही. एकदा थोरलीने एका गिऱ्हाइकाच्या बायकोला कानातली रिंग परत दिली होती, वर ‘छान आहे हो, कुठून घेतलीत?’ असंही विचारलं होतं. रिंग त्या बाईची नव्हती. नियम त्या दिवशी झाला. ज्याला कुणी आपलं म्हणत नाही, ते खिडकीतल्या काचेच्या बरणीत जाई.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. दुकान थोरलीने काढलेलं. धाकटी लग्न होऊन आली आणि चार दिवस मदत करते म्हणून कात्री हातात घेतली, ती अजून खाली ठेवली नव्हती.

आज टेबलावर तीन रंगीत पत्रकं होती. दुकानाला क्रेडिट कार्ड घ्यायचं होतं आणि बँकेचा माणूस तिन्ही कार्डांचं कौतुक उपवर मुलींसारखं सांगत होता. वर्षाची फी एकालाही नाही. पहिल्यावर विमानप्रवासाचे पॉइंट. थोरलीने विचारलं, विमानात सोफा चढवू देतात का. मधल्यावर कापड, फोम, खिळे, जे घ्याल त्याचे भरघोस पॉइंट, आणि ते पुढच्या बिलातून वजा. तिसऱ्यावर पॉइंट जेमतेम, नावाला.

धाकटीला खरं तर याच्याशी देणंघेणं नव्हतं. मागच्या गल्लीत तिने एक गाळा भाड्याने घेतला होता, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून. महिनाअखेरीला थोरलीला सांगायचं आणि निघायचं. गाळ्याची किल्ली परवापासून सापडत नव्हती. पर्स तीनदा उलटी करून झाली होती. पण मत द्यायची सवय जाते कुठे?

“ताई, मधलं घ्या. फोम तर आपल्याला सारखाच लागतो.”

“तिसरं,” थोरली म्हणाली.

बँकेच्या माणसाने तिला पुन्हा एकदा विचार करायला सांगितलं. मधल्यात फायदा उघडउघड जास्त होता.

“दिसतंय मला. तिसरंच.”

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. हे नेहमीचंच. कोपऱ्याच्या अवघड शिलाया तिच्या, गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घेणं तिचं, आणि बिलावर नाव थोरलीचं. लोक तिच्या डोक्यावरून आत बघत विचारायचे, मालकीणबाई आहेत का? थोरली तिची ओळख करून द्यायची, ‘ही माझी जाऊ, मदतीला असते.’ मदतीला. इतक्या वर्षांत तो शब्द विसरलेल्या टाचणीसारखा टोचत राहिला होता.

बँकेचा माणूस समोरच्या दुकानात कागदांच्या प्रती काढायला गेला. थोरलीने खणातून एक पाकीट काढून टेबलावरून सरकवलं.

“तुझं.”

आत किल्ली होती. दुपारी दोघी जरा टेकायच्या त्या दुकानातल्याच सोफ्याची स्प्रिंग बरेच दिवस टोचत होती. धाकटी मापं घ्यायला बाहेर गेलेली असताना थोरलीने तो उसवला होता.

किल्लीवर भाडेकऱ्यांना देताना लावतात तशी चिठ्ठी होती, गाळ्याच्या नंबराची. न समजण्यासारखं काही नव्हतं. थोरलीने काही विचारलं नाही. ती सुईत दोरा ओवायला बसली. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.

बँकेचा माणूस परतला आणि त्याने अर्ज पसरला. मधलं कार्ड एकाच नावावर मिळतं, तो म्हणाला, पण हे दोन मालक असतील तरच. दोघांना आपापलं कार्ड, दोघांचा हक्क सारखा. पहिल्या चौकटीत थोरलीची सही होती. दुसऱ्या चौकटीवर धाकटीचं नाव लिहिलेलं होतं, संपूर्ण. त्याने पेन तिच्यापुढे धरलं.

धाकटीने ते घेतलं. नावाकडे बघितलं, मग किल्लीकडे. तिला सगळं लख्ख कळलं. आजवर मदतीला होती. जायला निघाल्याचं कळलं, तशी मालकीण झाली.

“किल्ली सापडली म्हणून ना, ताई?”

“मी तुला काही विचारलं का?”

“नाही.”

“मग तूही विचारू नकोस.”

धाकटीने पेनाला टोपण घातलं आणि ते अर्जावर ठेवलं. पर्स उचलली. बँकेच्या माणसाला वाटलं, बाई आपल्यावर चिडल्या. तो घाईघाईने सारवासारव करू लागला.

“उशीर झाला, चूक माझीच. यांनी फोन केला तेव्हाच सांगितलं होतं, आम्ही दोघी मालकिणी आहोत, दोन नावांचं कार्ड असेल तरच या. पंधरा दिवस झाले त्याला. मी तापाने पडलो होतो हो.”

“फार बोलता तुम्ही,” थोरली सुईकडे बघत म्हणाली.

धाकटीने पर्स खाली ठेवली, थोरलीच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवून परत दिली आणि अर्जावर सही केली. बँकेचा माणूस गेल्यावर तिने खिडकीतल्या बरणीचं झाकण उघडलं आणि किल्ली आत टाकली. ती प्याद्यावर आपटून तळाशी गेली.

थोरलीने सोफा उसवला होता तो काल.