कॅल्शियमची बाटली

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "नुसती शेणाची पाटी उचलताना मणका मोडलाय. हाडं पार ठिसूळ झालीत. दूध पितात का या?"

"दुधाला काय तोटा? रोज चौदा लिटर डेअरीला जातं," मुलगा म्हणाला. खाटेवरची आई जन्मभर कोरा चहाच प्यायली होती.

"कॅल्शियम कशाला लागतं, माहीत आहे?"

"आहे की. म्हैस व्याली की मी लगेच बाटली पाजतो. नाहीतर अंगातलं सगळं दुधावाटे जातं, मग ती खाली बसली की उठत नाही."

बोलता बोलता त्याची नजर खाटेकडे गेली.

"पाच पोरं पाजली मी," आई छताकडे बघत म्हणाली. "पण कधी बसले नाही. तुमच्या ध्यानात कसं येणार?"