दुसरा पाना

"बाई, तुमचा कॉक गळून राह्यला," खुशाल म्हणाला.

द्वारकाबाईने हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. घर त्याचं, अंगणातल्या नळाचा कॉक त्याचा, आणि ही बाई म्हणजे त्याची बेचाळीस वर्षांची लग्नाची बायको. पण दीड वर्षापासून त्याच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जात होतं. आधी हैदराबादची नातवंडं गेली. मग मुलगा हर्षदीप गेला. तोवर खुशाल तिला 'हर्षदीपची माय' म्हणायचा. मुलगाच आठवेना, तेव्हा मायही गेली. उरली नुसती बाई. वर 'तुमी'. इतका मान तिला उभ्या जन्मात मिळाला नव्हता, आणि तो तिला नकोसा झाला होता.

त्याने एकदा ओळखून हाक मारावी, एवढीच तिची इच्छा होती. नावाने नसली तरी चालेल. तिचं नाव त्याने रेशनकार्डावर लिहिलं होतं, तोंडाने कधी घेतलं नव्हतं. बायकोला नावाने हाक मारायची त्यांच्यात रीतच नव्हती. नुसतं 'ऐकलं का व' म्हटलं असतं तरी तिने भरून पावलं म्हटलं असतं. पण तो दिवसभर ओसरीवर फाटकाकडे तोंड करून बसायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, त्याला आता कशाचं काही वाटत नाही. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

कॉक मात्र खरंच गळत होता. आदिलाबादच्या या जुन्या वस्तीत निजामाच्या काळातला शिशाचा पाइप आता त्यांच्याच अंगणात उरला होता. प्यायला पाणी कॅनचं यायचं, या नळाचं पाणी धुण्याभांड्याला. सकाळी वैभव प्लंबर आला, वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला.

"मावशी, शिसं हाय हे. जरासा जोर लागला का फाटते. अख्खी लाईनच बदला."

फोनवर हर्षदीपही तेच म्हणाला. द्वारकाबाईने दोघांचं ऐकून घेतलं आणि खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. खुशाल पाणीखात्यात फिटर होता तेव्हापासूनची ती पेटी. तिने दोन पाने काढले, सुताची गुंडी काढली. बुद्धवंदनेच्या मेणबत्तीचं उरलेलं थोटूक घेतलं. सगळं कॉकपाशी नेऊन मांडलं आणि त्याला हाताला धरून तिथे बसवलं.

खुशालने सूत हातात घेतलं, पीळ दिला, मेणावर घासलं. ज्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं, त्याची बोटं सरसर चालू लागली. त्याने कॉक बंद केला. दांडीवरच्या नटाला पाना लावला.

आणि थांबला.

का थांबला, ते तिला ठाऊक होतं. शिसं मऊ. नट फिरवताना मागून कॉक कोणालातरी घट्ट धरावा लागतो, नाहीतर नटाबरोबर पाइपच पिळतो. दर दोन-तीन वर्षांनी हा कॉक गळायचा, आणि दर वेळी तो नट फिरवायचा, ती दुसऱ्या पान्याने धरून बसायची. खांद्याला खांदा लागायचा. 'हलू नको व' म्हणून तो खेकसायचा. लोक बायकोला सिनेमाला नेतात. हिच्या नशिबी कॉक होता. पण तिला तो आवडायचा.

तिने दुसरा पाना उचलला आणि त्याच्यासमोर बसून कॉक धरला.

खुशालने तिच्याकडे पाहिलं. मग अगदी अदबीने तिच्या हातातून पाना काढून घेतला.

"नाई बाई, तुमी नका धरू. फाटन ते."

"मी धरते ना. मले येते."

"तुमाले नाई जमाचं. हे फक्त माह्या द्वारकाले जमते. तिले बलावा."

 बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तिचं नाव आलं होतं, आणि ते तो एका परक्या बाईला सांगत होता. मीच ती, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण तसं तिने आजवर कितीदा सांगितलं होतं. सांगितलं की तो घाबरायचा, उठून फाटकाकडे चालायला लागायचा.

"बलावते," ती म्हणाली. "आत हाय ती."

ती स्वयंपाकघरात गेली. दाराला धरून तिने पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसले. कॉक धरायला बसताना पूर्वी खोचायची तसा पदर कमरेला घट्ट खोचला, आणि बाहेर आली.

 या वेळी ती त्याच्यासमोर बसली नाही. त्याच्या डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून बसली. पाना उचलून दोन्ही हातांनी कॉक धरला. खुशालने मान वर केली नाही. नट काढला, जुनं कुजलेलं सूत टोकरून काढलं, नवं दांडीभोवती गुंडाळून आत दाबलं. नट पुन्हा बसवला. मग एक आटा, अर्धा आटा, आणि जरासाच आणखी. कॉक उघडला. पाइप जागचा हलला नाही. एक थेंबही खाली पडला नाही.

त्याने पाना खाली ठेवला, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला,

"कुठं गेली होती व तू? कवाचा फाटकाकडे पाहून राह्यलो."