चौदा नंबरची हरकत

“वहिनी, वर बघा कोण बसलंय! आता घरचंच कोर्ट झालं की हे.” दिराने कोपराने ढोसलं.

लॉन्ड्रीवाल्या ताईंनी आधीच बघितलं होतं. वीजदर आयोगाच्या तीन खुर्च्यांपैकी उजवीकडच्या खुर्चीत त्यांच्या भागाचे आमदार बसले होते. आता माजी. चार वेळा निवडून आलेला माणूस. पहिल्यांदा तीनशे बारा मतांनी, तेही फेरमोजणी करून. चौथ्यांदा अशा फरकाने, की समोरचा उमेदवार निकाल ऐकायलाही थांबला नाही. त्या चौथ्या खेपेची दोन वर्षं शिल्लक असताना साहेबांनी राजीनामा दिला आणि महिन्याभरात ते आयोगाचे सदस्य झाले. भरल्या ताटावरून कुणी उगाच उठत नाही. पण साहेब का उठले, हे त्यांच्या कार्यकर्त्यांनाही धड सांगता येत नव्हतं.

ताईंचं म्हणणं सरळ होतं. वीज कंपनीला लॉन्ड्र्या छोट्या उद्योगांतून काढून मॉलच्या चढ्या दरात घालायच्या होत्या. तसं झालं तर ताईंच्या तीनपैकी दोन इस्त्र्या थंड पडणार आणि त्यांवर उभ्या राहणाऱ्या दोघीजणी घरी बसणार. त्यांतली एक तर दुकान उघडलं त्या दिवसापासूनची होती. म्हणून सगळ्या लॉन्ड्रीवाल्यांच्या वतीने ताईंनी अर्ज केला होता. नंबर चौदा.

तेरा नंबर संपल्यावर चहाची सुट्टी झाली. साहेब खुर्चीवरून उठले आणि थेट ताईंच्या बाकापाशी आले. सदस्यांशी परस्पर बोलू नये, अशी पाटी दारावर ठसठशीत लावलेली होती. पण साहेबांना पाट्या कधी आडव्या आल्या नव्हत्या.

“ताई! अहो, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात? यायचीच गरज नव्हती. मी बसलोय ना इथे. अजिबात काळजी करू नका.”

त्यांनी दिराच्या पाठीवर थाप मारली, ताईंना हात जोडले आणि गेले. दीर फुलून गेला. ताई मात्र हातातला कागद उगाच सरळ करत राहिल्या.

पहिल्या निवडणुकीत साहेब लॉन्ड्रीच्या काउंटरवर मतदारयादी पसरून बसले होते. ताई दारोदार फिरून आल्या होत्या आणि कोण आपला, कोण परका ते सांगत होत्या. एका घराबद्दल त्या खुशीत म्हणाल्या, “तिथली सगळी मतं पक्की. म्हणाले, तुम्ही यायचीसुद्धा गरज नव्हती.” साहेबांनी त्या घरावर फुली मारली. “ताई, जो भांडतो, नळाचं काय झालं विचारतो, तो आपला. ज्याला आपल्याला दारातूनच कटवायचं असतं, तो असा गोड बोलतो.” निकाल लागला तेव्हा साहेबांचंच खरं निघालं होतं. पुढच्या तिन्ही निवडणुका ताईंनी त्याच हिशेबाने याद्या लावल्या आणि त्यांचं गणित कधी चुकलं नाही.

आणि आज साहेबांनी अर्जाबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. एरवी मशीनचा पट्टा तुटला तरी कुठून आणला, केवढ्याला आणला, सगळं खोदून विचारणारा माणूस. ताईंना राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. मग वाटलं, आपलाच स्वभाव संशयी झाला असेल. बिचारा कामात असेल. पण संशय एकदा डोक्यात शिरला की तो काही खुर्ची बघून बाहेर पडत नाही.

“अर्ज नंबर चौदा,” कारकुनाने पुकारलं आणि एका दमात पुढचं म्हणून टाकलं, “सदस्यांपैकी कुणाबद्दल कुणाची हरकत नसल्यास सुनावणी सुरू...”

“आहे,” ताई म्हणाल्या. “हरकत आहे.”

कारकून पुढची ओळ विसरला. ते वाक्य त्याने हजारदा म्हटलं असेल, पण त्याला उत्तर कुणी दिलं नव्हतं.

“वहिनी, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेताय,” दीर कुजबुजला. “आपला एकच माणूस आहे वर.”

मधल्या खुर्चीतल्या अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “कुणाबद्दल?”

“हे साहेब आमचे आहेत.” ताईंनी आवाज खाली येऊ दिला नाही. “चारही निवडणुकांत मी यांच्यासाठी दारोदार फिरलेय. यांचं पहिलं कार्यालय माझ्या दुकानात होतं. आता हे माझ्याच अर्जावर निकाल देणार. यांचं मन माझ्याकडे झुकणारच ना? मग कंपनीवर अन्याय नाही का होणार?”

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले, पण जरा उशिराने.

“बाई,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर ही हरकत कंपनीने घ्यायला हवी. तुम्ही कशाला घेताय?” आणि त्या कंपनीच्या वकिलाकडे वळल्या. “बोला. हे तुम्हाला चालेल?”

वकील तरतरीत होता. सकाळपासून त्याने अर्जांच्या तारखांवर हरकत घेतली होती, सह्यांवर घेतली होती, एका म्हाताऱ्या अर्जदाराला मध्येच पाणी प्यायला थांबू दिलं म्हणूनही घेतली होती. आता तो प्रश्न पुरा व्हायच्या आतच उठून उभा राहिला.

“छे छे, मॅडम! आमची काहीच हरकत नाही,” तो म्हणाला. “उलट या अर्जावर साहेबांनीच बसावं, अशी कंपनीची विनंती आहे.”