युस्तिनाचं घर

चौदा महिने झाले तरी रोफिनुसनं त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. सात वेळा लिहायला बसला होता आणि सातही वेळा कागद फाडला होता. पत्र तसं मोठं नव्हतं. 'माझ्या घरावर तुम्ही लिहून पाठवलेली पानं वाचली. त्याच्याबद्दल इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. छपराचं गवत बदलायला झालं आहे. घरात जागा आहे. घर माझंच राहील, बाकी तुम्ही म्हणाल तसं. काय ते कळवा. – युस्तिना.'

आणि आज तो स्वतःच डोंगरावरच्या त्या गावाच्या तोंडाशी उभा राहून पाहुण्यांच्या वहीत नाव लिहीत होता. राहणार रुतेंग. वय अडुसष्ट. पूर्वी शाळेत ग्रंथपाल. 'येण्याचं कारण' या रकान्यापाशी पेन अडलं. मग त्यानं लिहिलं : घर पाहणे.

वहीपाशी युस्तिनाचा थोरला भाऊ मार्सेल बसला होता. सुपारीनं त्याचं तोंड लालभडक झालं होतं.

"घर पाहणे," त्यानं मोठ्यानं वाचलं. "मास्तर, तिसऱ्यांदा आलात. अजून पाहून झालं नाही? आमची घरं पळून जातात की काय?"

रोफिनुस ओशाळून हसला. "लक्षात राहत नाही हो."

"पाहायला सगळेच येतात. वाकून डोकावतात, फोटो काढतात, उठताना डोकं आपटून घेतात. त्याचं काही नाही. पण मागं बालीचा एकजण टेप घेऊन आला. युस्तिनाचं घर त्यानं खांबाखांबानं मोजलं. पंधरा वर्षांच्या करारानं द्या म्हणतो. ओसरीवर कॉफीचं दुकान, आत परदेशी पाहुणे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी कोण म्हणणार? भाऊ झालो तरी त्या घरातला बांबूचा तुकडा माझा नाही. घर बायांचं. मी राहतो ते माझ्या बायकोचं, ते खालचं." मार्सेलनं बाजूला पिंक टाकली. "पण युस्तिना पडली एकटी. गवत शाकारायचं म्हणजे चाळीस माणसांचं जेवण, डुकरं कापायची. एकटीनं किती ओढायचं? आम्ही म्हटलं, देऊन टाक. तर म्हणते, मी आधी एकाला पत्रानं विचारलंय. त्याचं उत्तर येऊ दे."

रोफिनुसनं पेनाला टोपण लावलं. ते नीट बसेना.

"आलं का उत्तर?"

"कुठलं! असेल कुणी मोठा शेठ. वर्ष उलटून गेलं, विचारच करतोय. आता रविवारपर्यंत थांबायचं, नाहीतर बालीवाल्याला हो सांगायचं."

युस्तिना ओसरीवर मागाला बसली होती. समोर एक परदेशी जोडपं तिचे फोटो काढत होतं आणि ती सवयीनं हसत होती. रोफिनुस दिसला आणि ते हसू थांबलं. जोडपं पुढच्या घराकडे वळल्यावर तिनं विचारलं,

"पत्र पोचलं नव्हतं का?"

"पोचलं."

"मग?"

"लिहिलं ना. सात वेळा. फाडलं."

"कागदाची चंगळ दिसतेय तुमच्याकडे."

तिनं कॉफी आणली, उकडलेली रताळी आणि मिरचीचा ठेचा आणला. रोफिनुस कपात बघत म्हणाला, "मला यातलं काही येत नाही. गवत शाकारता येत नाही. बांबू चिरायला गेलो तर बोटं जातील. डुकराला तर मी घाबरतो. तुम्ही कुणी कामाचा माणूस बघायला हवा होता."

"कामाची माणसं पुष्कळ आहेत. टेप घेऊन येतात."

"माझ्याकडे पुस्तकं आहेत फक्त. चार पेट्या."

"वाळवी लागेल. चुलीवरच्या माळ्यावर ठेवावी लागतील, धुराला. वास लागेल, पण टिकतील."

त्यानं मान वर करून दारातून आतला माळा पाहिला. मक्याची कणसं टांगलेली होती. थोडी सरकवली असती तर चार पेट्या मावल्या असत्या. तो बराच वेळ वर बघत राहिला.

"घर माझ्या पाठीमागं भाचीला जाईल," युस्तिना म्हणाली. "तुमच्या माणसांनी हक्क सांगत यायचं नाही. हे आधीच बोललेलं बरं."

"माझी माणसं म्हणजे एक पुतण्या. त्याला माझी पुस्तकंसुद्धा नको आहेत."

"मग हो म्हणताय?"

रोफिनुसनं तोंड उघडलं. घामानं चष्मा नाकावरून घसरला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे शब्द कपाटात नीट लावून ठेवले होते. स्वतःचा एक सापडेना.

युस्तिनानं पुन्हा मागाचा पट्टा कमरेला बांधला. "राहू दे. तोंडी सांगितलेलं माझे भाऊ धरतही नाहीत. मी पत्रानं विचारलंय, तुम्ही पत्रानं सांगा. पण रविवारच्या आत."

तालुक्याच्या गावी तो पोचला तेव्हा पोस्ट बंद व्हायला आलं होतं.

"आवरा आजोबा," कारकून म्हणाला. "पाकीट की कार्ड?"

"उद्या टाकलं तर शुक्रवारी पोचेल?"

"आजच टाका, उद्याच पोचेल."

"मग कार्ड द्या."

"कार्ड सगळे वाचतात बरं का. मीसुद्धा."

"वाचू देत," रोफिनुस म्हणाला आणि स्वतःच दचकला.

तो उभ्याउभ्याच लिहीत होता. कागद फाडायला या वेळी हात गेला नाही. कार्ड त्यानं खिडकीतून आत सरकवलं आणि मागं वळूनही न बघता बाहेर पडला. कारकुनानं शिक्का मारला, ठरल्याप्रमाणे वाचलं आणि खिडकीतून मान काढून त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्याकडे बघत राहिला.

'युस्तिना, आमच्याकडे लग्न झालं की बाई नवऱ्याच्या घरी जाते, म्हणून मी चौदा महिने लाजत राहिलो. भाऊ ठरवतील तो दिवस मला चालेल. मी नांदायला येतो.'