झिजलेले सुळे

"धडधाकट जीव मारायला निघालात तुम्ही, साहेब! हा माझाच ढोल्या आहे!" शिंपीणबाई पिंजऱ्याचे गज धरून कडाडली. सहा महिन्यांपूर्वी हरवलेला कुत्रा तिला आज इथं नगरपालिकेच्या कुत्र्यांच्या कोंडवाड्यात सापडला होता, आणि तिथल्या डॉक्टरसाहेबांच्या हातातली विषाची सुई भरून तयार होती. आत ढोल्याची शेपूट पत्र्यावर धाडधाड आपटत होती.

"उपाशी कुत्रं कुणालाही शेपूट हलवतं, बाई." साहेबांनी ढोल्याचा ओठ वर केला. "तुमचा तीन वर्षांचा म्हणता ना? मग हे सुळे बघा, मागून पार झिजलेत. दात खोटं बोलत नाहीत. हे थेरडं सहा महिने याच पिंजऱ्यात पडून आहे, आणि थेरड्यांना आम्ही आता ठेवत नाही. चला, हात काढा तिथून."

हात काढता काढता ती थबकली. सगळा पिंजरा हिरव्या रंगानं मढलेला होता. फक्त कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला गजांचा रंग उडून लोखंड चकाकत होतं.

 

"दात खोटं बोलत नाहीत ना, साहेब? मग सहा महिने हे लोखंड कोण चावत होतं, ते आधी सांगा!"