ऐकण्यापुरतं इंटरनेट

कानसेनाने पैसे भरले आणि बायको त्याच्याकडे बघतच राहिली. विमानतळावर पाणी महाग म्हणून घरून रिकामी बाटली आणून नळावर भरून घेणारा हा माणूस. आणि विमानातल्या पाच तासांच्या इंटरनेटला चांगल्या चपलांच्या जोडाएवढे पैसे मोजून मोकळा झाला. पैसे पाण्यात घालायचेच होते तर खाली समुद्र आहेच की, असं ती म्हणाली. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्याला कानसेन उगाच म्हणत नसत. शीतगृहातला भला मोठा कंप्रेसर त्याने एकतीस वर्षं सांभाळला होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि कुठे दुखतंय ते सांगायचं. शिकवायची तऱ्हाही जगावेगळी. शिकणाऱ्याचं चुकलं की मशीनघर डोक्यावर घ्यायचा, बरोबर असलं की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. शाबासकी कशाशी खातात हे त्याच्या हाताखालच्या कुणालाच माहीत नव्हतं. त्यात त्याची सख्खी मुलगीही आली.

ती मुलगी आज पहिल्यांदाच मशीनघरात एकटी होती. कानसेन कालच निवृत्त झाला होता आणि थोरल्या मुलाकडे निघाला होता. शीतगृहाच्या मालकाचं म्हणणं असं की मुलगी हुशार आहे, पण चालते बापाच्या कानांवर. पहिल्याच मोठ्या अडचणीत तिने हात टेकले, तर काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकायचं त्याने ठरवलं होतं. तसं तोंडावर सांगितलंही होतं. म्हणून निघताना कानसेनाने मुलीला बजावलं होतं, विमानात फोन बंद असतो, मला काही विचारायचं नाही. आणि विमान उडून तास होत नाही तोच याचाच जीव खालीवर व्हायला लागला.

इंटरनेट जोडलं गेलं आणि तिचा निरोप येऊन पडला. सोबत अकरा सेकंदांचा आवाज. ‘बाबा, उतरल्यावर ऐका. कंप्रेसर ठोकतोय, बंद केलाय. मालक म्हणतात उघडून टाक. मला नाही उघडावासा वाटत.’

अकरा सेकंद उतरायला चार मिनिटं लागली. त्याने फोन कानाला घट्ट धरला. ठक्, ठक्, मध्येच एक खाडा, परत ठक्. त्याला दोन ठोक्यांत कळलं. कंप्रेसरला काही झालं नव्हतं. पट्टे फिरवणाऱ्या पुलीत एक लोखंडी चावी ठोकून बसवलेली असते, ती ढिली झाली होती. तासाभराचं काम. पण मालकाचं ऐकून तिने कंप्रेसर उघडला असता तर दोन दिवस गेले असते, आणि आत सफरचंदांच्या दहा हजार पेट्या होत्या.

‘पुलीची चावी बघ,’ त्याने लिहिलं. बोट पाठवायच्या खुणेवर गेलं आणि तिथेच थांबलं. मालक तिच्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये बघत असणार. हे वाचलं की तो म्हणणार, बघा, पोरगी परत बापाला विचारून चालली. कानसेनाने एकेक अक्षर खोडलं.

“अहो, पाठवा की. मग पैसे कशाला भरलेत?”

“ऐकायला,” तो म्हणाला.

दुसरा निरोप आला. ‘पट्टे काढून मोटर एकटी चालवते.’ कानसेनाने वाचलं आणि मांडीवर थाप मारली. मग, ‘मोटरला आवाज नाही. कंप्रेसर हाताने फिरवून बघितला, लोण्यासारखा फिरतोय.’ आता त्याला बसवेना. सीटचा पट्टा सोडून तो अर्धवट उठला, हवाईसुंदरीने हाताने खूण करून खाली बसवलं. मग, ‘म्हणजे गोम मधेच आहे. पुली बघते.’

त्यानंतर चाळीस मिनिटं काहीच नाही. त्याने जेवणाला हात लावला नाही. बायकोने स्वतःचं संपवून त्याचंही संपवलं, पण तीही दर घासाला फोनकडे बघत होती. लेक दोघांची होती.

शेवटी परत अकरा सेकंदांचा एक आवाज आला. त्याने फोन कानाला लावला, डोळे मिटले. एकसारखी, गुळगुळीत घरघर. एकही ठोका नाही. एकतीस वर्षांत मशीन त्याला इतकं गोड वाजल्याचं आठवत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. बायकोने फोन ओढून घेऊन स्वतःच्या कानाला लावला. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पुरते अकरा सेकंद तिने मन लावून ऐकलं.

विमान उतरलं, तशी मुलीचा फोन आला. सगळं एका दमात सांगून टाकलं तिने. चावी नवी घालून बसवली, पेट्या सगळ्या शाबूत, आणि मालक म्हणाले, उद्यापासून मशीनघर तुझं, बाहेरचं कुणी नको. कानसेनाने चेहरा कोरा ठेवला. आवाजही.

“असं होय? मला काय कल्पना बाई. विमानात फोन बंद असतो.”

बायकोने तोंडाला पदर लावला. पलीकडून मुलगी हसली.

“बाबा, निळ्या खुणा दिसत होत्या मला. एकेक निरोप वाचत होतात आणि गप्प बसत होतात. तुम्ही गप्प आहात म्हटल्यावर मला कसली भीती?”