पुसता न येणारं नाव

“ताई, माजं नाव काढा. फोटोबी काढा. आत्ताच्या आत्ता!”

राणीच्या हातातला बेदाणा खाली सांडला. पुड्यावरचा क्यूआर कोड टिपून समीक्षानं मोठ्या कौतुकानं मोबाईल तिच्यापुढं धरला होता. त्यावर राणीच हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘बेदाणा निवडणाऱ्या राणीताई, तासगाव.’

समीक्षा या बेदाणा शेडची मालकीण. शिकलेली, हौशी. शेड, कोल्ड स्टोरेज, व्यापारी, दुकानदार अशा सगळ्यांनी मिळून मालाच्या नोंदींची ब्लॉकचेन केली होती. नोंद एकच, पण ती प्रत्येकाकडं. बायांची नावं झाकायची सोय त्यात होती की! पण हसरा फोटो दिसला की माल खपतो, असं व्यापारी म्हणाला आणि समीक्षानं मान डोलावली. बायांना कुणी विचारलं नाही. कामाच्या बाईला विचारतंय कोण म्हणा!

“अगं, ते एकटीला खोडता येत नाही,” समीक्षा म्हणाली. “पण एवढं घाबरायला काय झालं?”

“नवरा जीवावर उठलाय, ताई. औंधाकडनं पळून आले, तवा आईलाबी ठिकाणा सांगितला न्हाई. तिला मारून त्यानं काढून घेतला असता.”

समीक्षाचा चेहरा पडला. तिनं व्यापाऱ्याला फोन लावला, कोल्ड स्टोरेजला लावला. सगळे हळहळले. फोटो दिसायचा बंद करायला सगळ्यांची मंजुरी लागणार, आठवडा तरी जाणार, म्हणाले.

राणी कसली थांबतेय! दुपारच्या एसटीनं ती गेली. कर्नाटकात जाते, एवढंच बोलली. सिमकार्डही मोडून टाकलं. समीक्षानं तिला अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी शेडच्या दारात उभी राहिली. हातात बेदाण्याचा पुडा.

“बाई, मी साळूबाई. राणीची आई. वाण्यानं मोबाईलात लेकीचा फोटो दावला, तशी निघाले. कुठं हाय माजी राणी?”

समीक्षानं तिला आत घेतलं.

“ती काल गेली, मावशी. कुठं, ते माहीत नाही. नवऱ्याच्या भीतीनं गेली.”

म्हातारीनं पुडा खाली ठेवला.

“कशाची भीती, बाई? त्यो कवाच मेला. तेवढंच सांगायला लेकीला हुडकत फिरतीया.”